जुना फ्लॅट, पहिलं घर: खरेदी आणि दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी (कोथरूड, २०२४-२५)

घर पुण्यात, कोथरूडला. इमारत १९८८ ची, तळमजला अधिक तीन मजले, आरसीसी सांगाडा, लिफ्ट नाही. फ्लॅट सगळ्यात वरचा, चटई क्षेत्र ५९० चौरस फूट. मागणी ७२ लाख. घेणारं जोडपं पहिल्यांदाच घर घेतंय. नोंदी त्यांच्यासाठी आणि कामावरच्या माणसांसाठी.

९ नोव्हेंबर २०२४: पहिली पाहणी

सोबत टॉर्च, लहान हातोडी, पाणसळ, टेप, टेस्टर आणि १० लिटरची बादली. वेळ दुपारी चारची मागून घेतली. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन आलं की भिंतीवरचे फुगवटे लपत नाहीत.

हॉलच्या छताला नवा रंग, बाकी घर जुनाट. फक्त एका छताला नवा रंग दिलेला दिसला की तिथे हातोडी लावायची. टणक वाजलं तर गिलावा धरून आहे, बद्द वाजलं तर सुटलाय. खिडकीकडच्या कोपऱ्यात साधारण दीड मीटर लांब आणि एक मीटर रुंद भाग बद्द वाजतो. नुसता गिलावा सुटलाय की आतला गज गंजलाय, हे खरवडल्याशिवाय कळणार नाही. अंदाजपत्रकात वाईट शक्यता धरली.

पाणी: स्वयंपाकघरातल्या नळाखाली बादली भरायला १ मिनिट ५० सेकंद लागले. संडासाबाहेरच्या नळाला, जिथे मधे कधीतरी पाइप बदललाय, ४० सेकंद. म्हणजे टाकीत पाणी आहे, जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपात गंज आणि क्षार साचून भोक बारीक झालंय. शिवाय हा वरचा मजला. टाकीचा तळ शॉवरपेक्षा जेमतेम अडीच मीटर उंच, आणि एक मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो. एवढ्यावर शॉवर नीट चालत नाही; प्रेशर पंपाचा खर्च आत्ताच धरायचा.

सगळ्यात उपयोगी गोष्ट खालच्या घरात दिसली. विनंती करून त्यांच्या बाथरूमचं छत पाहिलं. न्हाणी ट्रॅपच्या (बाथरूमचं पाणी जाणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या) बरोबर खाली पांढरे क्षार आणि थेंब. वरच्या घरात टाइल्स चकचकीत होत्या, काहीच पत्ता लागत नव्हता. जुना फ्लॅट घेताना खालच्या घरातलं छत बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, हे या नोंदीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य समजा.

१६ नोव्हेंबर: गच्ची आणि पार्किंग

फ्लॅटच्या आतलं सगळं पैसे टाकून बदलता येतं. गच्ची, खांब, बाहेरची भिंत आणि उभे ड्रेनेज पाइप मात्र सोसायटीचे. तिथे सोसायटी हलली नाही तर आत कितीही खर्च केला तरी वाया. म्हणून सौदा करायचा की नाही हे हॉल बघून नाही, गच्चीवर ठरवायचं.

गच्चीवर वीटतुकड्यांचा कोबा (पाणी अडवायला आणि उतार द्यायला घातलेला वीट-सिमेंटचा थर), त्यावर कधीतरी दुसरा थर चढवलेला. कडेला तोडून पाहिलं तर एकूण जाडी २०० मिमीच्या आसपास. बद्द वाजणारे पट्टे बरेच. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) पायाशी वाटा, म्हणजे भिंत आणि तळ मिळतात तिथला गोलसर कोपरा, तडकलाय. सोलरच्या स्टँडचे पाय कोब्यात भोकं पाडून बसवलेत आणि त्यातला एक पाय हॉलच्या त्याच कोपऱ्यावर येतो. चढ पाणसळीने तपासला: ९ मीटरच्या धावेत उतार जेमतेम ३० मिमी. किमान १०० ला १ हवा, म्हणजे ९० मिमी.

तडे वाचता आले पाहिजेत. गिलाव्यावर जाळीसारख्या केसाएवढ्या चिरा असतील तर तो गिलावा सुकतानाचा दोष, रंगाआधी भरता येतो. तुळई आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली आडवी चीर दोन वेगळ्या वस्तूंमुळे पडते; जाळी मारून गिलावा केला की भागतं. खांबाच्या कोपऱ्यालगत गजाच्या रेषेत उभी चीर असेल तर गज गंजतोय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. तुळईच्या टोकाशी, खांबाजवळ तिरपी चीर दिसली तर थांबायचं, अभियंत्याने पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. इथे तिरपी चीर नाही. पार्किंगमधल्या एका खांबाला उभी आहे.

सोसायटीकडे शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल २०१८ चा. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. नवीन ऑडिट ही खरेदीची अट म्हणून मालकामार्फत सोसायटीला लेखी कळवली.

२८ नोव्हेंबर: कागद

साखळी अशी: बिल्डरकडून पहिला करार १९८८, नंतर पुनर्विक्री २००३. दोन्ही नोंदणीकृत, दोन्हींच्या मूळ प्रती हातात घेऊन पाहिल्या. १० डिसेंबर १९८५ नंतरच्या करारांवर मालमत्तेच्या किमतीप्रमाणे मुद्रांक शुल्क लागू झालं, पण त्या काळातले बरेच करार किरकोळ स्टँपवर झालेले सापडतात. ती तूट आज बँकेला दिसली की कर्ज अडतं आणि दंडासह भरावी लागते. इथे शुल्क पूर्ण भरलंय.

इंडेक्स-दोनचा (नोंदणी झालेल्या व्यवहारांचा सरकारी गोषवारा) ३० वर्षांचा शोध वकिलाकडून करून घेतला. भोगवटा पत्र (इमारत वापरायला महापालिकेची परवानगी) आहे. मंजूर नकाशात बाल्कनी उघडी, प्रत्यक्षात बंद करून खोलीत घेतलेली; बँकेचा मूल्यांकनकार ते क्षेत्र धरेल असं गृहीत धरायचं नाही. भाग दाखला (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) विक्रेत्याच्या नावावर आहे. तो नुसता नामनिर्देशनाने नावावर आला असता तर सगळ्या वारसांची संमती लागली असती. नामनिर्देशित माणूस म्हणजे मालक नव्हे. मिळकत पत्रिकेवर अजून मूळ जमीनमालकाचं नाव. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नाही; मानीव अभिहस्तांतरणाचा (मालकाने करून दिलं नाही तर सरकारी आदेशाने ते मिळवण्याचा) ठराव झालाय. पुनर्विकासाच्या वेळी हे अंगाशी येऊ शकतं.

पुनर्विकासाचंही विचारून घेतलं, तोंडी नाही, सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तातून. कोथरूडमध्ये या वयाच्या इमारती भराभर पाडल्या जातायत. विकसक नेमल्याचा ठराव असता तर आतल्या दुरुस्तीला रंग आणि वायरिंगपुरतेच पैसे घालायचा सल्ला दिला असता. इथे रस्ता अरुंद आहे आणि चर्चासुद्धा सुरू नाही, म्हणून पूर्ण दुरुस्ती.

१४ डिसेंबर: पैसे

ऑडिट अहवाल आला. रिबाउंड हॅमरचे (आपटून काँक्रीटचा कणखरपणा मोजणारं यंत्र) आकडे ठीक. पार्किंगच्या त्या खांबाला फिनॉल्फ्थॅलीन फवारलं तेव्हा बाहेरचा २५ मिमी भाग बिनरंगी राहिला आणि आतला गुलाबी झाला. म्हणजे गजावरच्या २० मिमी आवरणाचा, गजाला गंजू न देणारा अल्कधर्मी बचाव संपलाय. बाकी खांबांत ही खोली १० ते १५ मिमी. दुरुस्तीयोग्य, असा निष्कर्ष.

भाव ६८ लाखांवर आला तो या अहवालाच्या आणि खालच्या अंदाजपत्रकाच्या जोरावर. "जुनं घर आहे, कमी करा" म्हणून काही होत नाही. कागदावर बाब आणि रक्कम लिहून समोर ठेवली की बोलणं पुढे सरकतं.

अंदाजपत्रक: बाथरूम आणि संडास २.१० लाख, वायरिंग १.३५, पाण्याचे पाइप आणि पंप ०.९५, ओटा १.१०, खिडक्या ०.९०, फरशी ०.३५, रंग ०.५५. बेरीज ७.३० लाख. त्यावर १५ टक्के अकल्पित धरून ८.४० लाख. तीस वर्षांवरच्या घरात हे १५ टक्के काढून टाकण्याचा मोह होतो, तो करू नये.

आता रोख किती लागते ते पाहा. तीस ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ५४.४० लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. उरलेले १३.६० लाख स्वतःचे. पुण्यात शुल्क ७ टक्के, एकट्या महिलेच्या नावावर घेतलं तर ६ टक्के. घर पत्नीच्या नावावर घ्यायचं ठरलं: ४.०८ लाख. नवरा सहकर्जदार. सहकर्जदार व्हायला सहमालक असावं लागत नाही. उलट सहमालक असेल तर बँक त्याला कर्जात घेतेच. नोंदणी शुल्क ३० हजार. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना घेतलेली रक्कम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार, शिवाय हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १००. विकासनिधी म्हणून यावर काही मागितलं तर शासनाचा आदेश दाखवायचा. दुरुस्तीसकट रोख साडेसव्वीस लाखांच्या वर जाते. पहिल्यांदा घर घेणारे बहुतेक वेळा फक्त वीस टक्क्यांचा हिशोब करून येतात आणि गच्ची गळायला लागली की हातात काही उरलेलं नसतं.

२१ जानेवारी २०२५: नोंदणी

किंमत ५० लाखांवर, म्हणून खरेदीदाराने १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या पैशांतून आधीच कापून भरायचा आयकर) कापायचा: ६८ हजार. तो भरायला तेव्हा फॉर्म २६क्यूबी होता, कापलेला महिना संपल्यापासून ३० दिवसांत. त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) लागत नाही. ही रक्कम स्वतःच्या हिश्श्यातून वळती केली, बँकेला चलन दिलं. विक्रेत्याचा पॅन आधारशी जोडलेला आहे ना हे आधी तपासलं; तसं नसेल तर दर २० टक्के होतो. विक्रेता अनिवासी असेल तर सगळाच हिशोब वेगळा, तिथे सनदी लेखापालाशिवाय हात घालू नये.

करारात दोन वाक्यं मुद्दाम घातली: सोसायटीने गच्चीच्या दुरुस्तीचा ठराव मंजूर केल्याची प्रत जोडपत्र म्हणून, आणि ताब्याच्या दिवसापर्यंतची वीज, मिळकत कर, देखभाल ही देणी विक्रेत्याची.

१० फेब्रुवारी: तोडकामाची तयारी

राडारोड्याचा हिशोब. बाथरूमचा खड्डा (फरशीखाली स्लॅब खोल ठेवून भरावाने भरलेली जागा) २.१ × १.२ × ०.३ मीटर म्हणजे ०.७६ घनमीटर, संडासाचा ०.३२. तोडल्यावर फुगून दीडपट धरला तर १.६ घनमीटर. एका पोत्यात माणूस जिने उतरू शकेल एवढा, ३०-३५ किलो माल. साठ-पासष्ट पोती फक्त खड्ड्यांची, टाइल्स आणि गिलावा वेगळा.

सूचना ठेकेदाराला लेखी: राडारोडा हॉलच्या मधोमध रचायचा नाही. घरगुती स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो भारासाठी असतो. कमरेएवढा ढीग चौरस मीटरला टनाच्या आसपास जातो. पोती भिंतीलगत, एकेरी थरात, रोजच्या रोज खाली.

१८ फेब्रुवारी: बाथरूम उघडलं

मोठा ब्रेकर बंद, छन्नी-हातोडी आणि हलकं मशीनच. खड्ड्याखालचा स्लॅब १०० मिमीचा, ब्रेकरने त्यालाच तडे जातात. बिडाच्या न्हाणी ट्रॅपचा सांधा फुटलेला आणि भराव चिंब ओला. टाइल्सच्या सांध्यात वर्षानुवर्षं पांढरं सिमेंट भरून गळती थांबत नव्हती त्याचं कारण इथे आहे: पाणी वरून नाही, ट्रॅपच्या कडेने भरावात उतरत होतं. खड्ड्याच्या तळाचे ४ गज उघडे. अकल्पित खर्चातून दुरुस्ती.

४ मार्च: पाणीरोधक थर

तळ धुऊन, पाइप जिथून भिंतीतून जातो ती भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. कोपऱ्यांना ५० मिमीचा वाटा. पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याला काटकोनात, कोपऱ्यांत फायबरची जाळी. भिंतीवर ३०० मिमीपर्यंत, शॉवरच्या भिंतीला १८०० मिमी.

चाचणी: ट्रॅप बंद करून पाणी भरलं, ७२ तास. भिंतीवर पेन्सिलीची रेघ. पुण्याच्या मार्चमध्ये पाणी नुसत्या हवेनेही उतरतं आणि मग ठेकेदार म्हणतो "उडालं", घरमालक म्हणतो "गळलं". म्हणून शेजारीच घमेल्यात पाणी ठेवून त्यालाही रेघ मारली. दोन्हीकडे सारखं उतरलं तर बाष्पीभवन, खड्ड्यात जास्त उतरलं तर गळती. इथे दोन्हीकडे सारखं. खालच्या घरातलं छत रोज पाहिलं, कोरडं. कोबा झाल्यावर हीच चाचणी पुन्हा, कारण कोबा भरताना मजुराच्या फावड्याने थर फाटू शकतो.

फरशीचा उतार ८० ला १. नवा ट्रॅप ५० मिमी पाणी धरणारा. त्याहून कमी असेल तर उन्हाळ्यात सुकतो आणि वास येतो.

१२ मार्च: पाइप

मुख्य रेषा २५ मिमी, फाटे २० मिमी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक). सांध्यासाठी पाइप कोरडा, कडा घासलेली, सोल्युशन दोन्हीकडे लावून पाव वळसा देत आत आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं. हात लगेच काढला की पाइप मिलिमीटरभर मागे सरकतो. तोच सांधा दोन वर्षांनी टाइलमागे गळतो. मिक्सरच्या दोन तोंडांत १५० मिमी, एका पाणसळीत, गरम डावीकडे.

हातपंपाने १० किलो दाब देऊन रात्रभर ठेवला. गिलावा आणि टाइल त्यानंतरच. भिंती बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढला.

२२ मार्च: वायरिंग

जुनं वायरिंग दोन तारांचं, अर्थिंग नाही. सगळं नवीन: दिव्यांना १.५, प्लगला २.५, गीझर आणि एसीला ४ चौ. मिमी तांबं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). ती बसवल्यावर सारखी पडत असेल तर आधी न्यूट्रल तपासायची: दोन सर्किटचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र केले असले की ती पडणारच. पडू नये म्हणून आरसीसीबीला बगल देणारा वायरमन कामावरून काढावा, तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

खाचा उभ्याच, विटांच्या भिंतीतच. खांब-तुळईला खाच नाही, बोर्ड दोन फूट सरकवावा लागला तरी चालेल. तारा ओढून झाल्यावर ५०० व्होल्ट मेगरने (तारेचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) तपासणी, १ मेगाओहमच्या खाली काहीही स्वीकारलं नाही. महावितरणला नावबदल आणि मंजूर भार वाढवण्याचा अर्ज एकाच वेळी दिला.

५ एप्रिल: गच्ची

सोसायटीच्या सभेत काहींचं म्हणणं होतं की आहे त्यावरच तिसरा थर टाकू, स्वस्तात होईल. नवा ७५ मिमीचा थर चौरस मीटरला सुमारे १५० किलो. खाली आधीच दोन थर आहेत. स्लॅबने किती ओझं वाहायचं? अभियंत्याने हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा तोडून नवीन करायचं ठरलं. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून गळणारं पावसाचं पाणी आणि त्याने खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत, दोन्हींचा खर्च सोसायटीचा. हे वरच्या मजल्याच्या माणसाला माहीत असलंच पाहिजे.

काम: जुने थर काढून स्लॅब उघडा, पाणीरोधक लेप, मग वीटतुकड्यांचा कोबा १०० ला १ उताराने, पॅरापेटला ३०० मिमी उंचीपर्यंत वाटा. सोलरचे पाय आता वेगळ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, कोब्यात एकही भोक नाही. एप्रिलच्या उन्हात कोबा दुपारी टाकला तर तासाभरात चिरा धरतो. पहाटे सुरू करून दहाच्या आत थांबायचं. क्युरिंगसाठी बांध घालून दहा दिवस पाणी, तीच गळतीची चाचणी.

१६ एप्रिल: हॉलचं छत

गच्ची झाल्यावरच हे काम, आधी केलं असतं तर पावसाळ्यात पुन्हा पोपडे. टेकू देऊन सुटलेलं काँक्रीट काढलं, गजाच्या मागेही २० मिमी मोकळं. अर्धवट उघडलेला गज तसाच ठेवला तर जुन्या-नव्या काँक्रीटच्या सीमेवर पुन्हा गंजतो. तारेच्या ब्रशने चकाकी येईपर्यंत घासून झिंक प्रायमर. दोन गज फार बारीक झाले होते, तिथे नवे जोडले. बाँड कोट (जुन्या काँक्रीटला नवा थर चिकटवणारा लेप) ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर: पॉलिमर, सिमेंट आणि क्वार्ट्झ वाळू वजनाने १:५:१५. एका वेळी १०-१२ मिमीच, जाड थर स्वतःच्या वजनाने पडतो.

२ मे: फरशी आणि रंग

जुनी मोझॅक फरशी ठेवली. वर व्हिट्रिफाइड चिकटवली असती तर ओझं वाढलं असतं आणि सगळे दरवाजे खालून कापावे लागले असते. घासून पॉलिश, चार फुटक्या टाइल्सच्या जागी बाल्कनीतल्या काढून बसवल्या.

भिंत सुकली का बघायला प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवून दोन दिवस ठेवला. आतून घाम धरला तर रंग नाही. पश्चिमेच्या भिंतीला आतून फक्त प्रायमर. नैर्ऋत्येचा पाऊस तिच्यावरच आपटतो, तिचा रंग पावसाळ्यानंतर.

२९ मे: पहिला पाऊस

यंदा मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबई-पुण्यात पोहोचला, नेहमीच्या तारखेच्या बराच आधी. गच्ची मेअखेरवर ढकलली असती तर उघड्या स्लॅबवर पाणी घेतलं असतं.

हॉलचं छत कोरडं. खालचं बाथरूम कोरडं. पश्चिमेच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढी ओल. कारण: चौकटीखालच्या दगडाला बाहेरच्या बाजूने उतार कमी, पाणी चौकटीखाली थांबतं. दगड काढून बाहेर ढाळ देऊन बसवायचा, खाली पाणी तोडणारी खाच, कडेला सिलिकॉन. पाऊस उघडला की.

अकल्पित १.१० लाखांपैकी ८२ हजार खर्च, मुख्यतः खड्ड्याचे गज आणि ड्रेनेजचा आडवा पाइप. बाथरूमच्या ठेकेदाराचे दहा टक्के सप्टेंबरअखेरपर्यंत राखून ठेवलेत. सोसायटीकडे बाकी: पार्किंगच्या खांबाची दुरुस्ती, ऑक्टोबरमध्ये, आणि मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज.